ईएनसी२८जे६० जोडताय? कोड बदलण्याआधी बोर्डवरच्या या चुका टाळा

मायक्रोचिपची ही २८ पायांची इथरनेट चिप तशी गरीब स्वभावाची. एसपीआयच्या (चिप आणि कंट्रोलर ज्यावर बोलतात त्या) चार तारा, २५ मेगाहर्ट्झचा एक क्रिस्टल आणि एक आरजे४५ जॅक दिला की आठ बिटांचा साधा कंट्रोलरही नेटवर्कवर येतो. वेग १० एमबीपीएस, म्हणजे आजच्या हिशेबाने बैलगाडीच. पण टाकीतल्या पाण्याची पातळी किंवा मीटरचं रीडिंग पाठवायला बैलगाडी पुरते. गंमत अशी की पिंग (नेटवर्कवरून चाचणीला मिळणारं उत्तर) आला नाही की माणूस आधी लायब्ररी बदलतो, मग दुसरी लायब्ररी उतरवतो, मग कोडमध्ये जागोजागी डिले पेरत बसतो. दोष बहुतेक वेळा रेझिस्टर, कपॅसिटर नाही तर जॅकच्या आसपास निघतो. मीही यातून गेलोय, ती गोष्ट पुढे येईलच.

आधी दोन्ही टोकांचे दिवे बघा

१० बेस-टी मध्ये डेटा नसतानाही दोन्ही बाजू साधारण दर १६ मिलिसेकंदांनी एक लिंक पल्स पाठवतात. तुमचा पल्स पोचला तर स्विचचा दिवा लागतो. स्विचचा पल्स तुमच्याकडे आला तर तुमचा एलईडी-ए (चिपचा लिंक दाखवणारा दिवा) लागतो. म्हणजे स्विचचा दिवा लागला पण तुमचा नाही, तर टीपीइनची (चिपच्या सिग्नल घेणाऱ्या पायांची) बाजू तपासायची. उलट असेल तर टीपीआउटची (पाठवणाऱ्या पायांची). दोन्ही विझलेले असतील तर वीज, क्रिस्टल नाही तर जॅक. मात्र काही नव्या वेगवान स्विचच्या पोर्टवर १० एमबीपीएसची सोयच नसते, तेव्हा एखादा जुना स्विच टेबलावर असू द्या.

जुन्या स्विचचा आणखी एक उपयोग आहे. बोर्डवर पाठवायची आणि घ्यायची जोडी आपसात बदलली गेली, तर नवा स्विच ती चूक स्वतःच सांभाळून घेतो आणि तुम्हाला कळतही नाही. बोर्ड पुढे जुन्या स्विचला लागला की मुका. या चिपमध्ये तशी अदलाबदल करणारी सोय नाही. टीपीइनची अधिक-उणे बाजू उलटली तर चिप ती सुधारून घेईल यावरही भरवसा ठेवू नका. मायक्रोचिपच्या इरॅटात (चिपमधल्या ज्ञात दोषांच्या यादीत) तसा इशारा आहे.

वीज

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे अर्डुइनो ऊनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर चिप चालवणं. त्या पिनची मर्यादा ५० मिलिअँपिअर, आणि डेटा पाठवताना चिपला लागतात १८० पर्यंत. फसवणूक अशी होते की रजिस्टर नीट वाचली जातात, आवृत्तीचा आकडा बरोबर येतो, आणि पहिलं पॅकेट निघालं की सगळं गप्प. वेगळा रेग्युलेटर द्या, तोही ५ व्होल्टवरून. १२ वरून थेट ३.३ केलेत तर १८० मिलिअँपिअरला दीड वॅटहून जास्त उष्णता त्या चिमुकल्या रेग्युलेटरवर येते. चिप स्वतः हाताला गरम लागते, त्याची काळजी नको.

व्हीकॅप हे नाव बघून त्या पायाला ३.३ व्होल्ट देणारे कमी नाहीत. तो पाय बाहेरून वीज घेण्यासाठी नाही. आतल्या २.५ व्होल्टच्या रेग्युलेटरचा तो आउटपुट आहे. तिथून ग्राउंडला कमी ईएसआरचा (कमी अंतर्गत रोधाचा) १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा, बाकी काही नाही. मल्टिमीटर ठेवा: अडीच व्होल्ट दिसले नाहीत तर पुढे जाऊच नका.

आरबायस: माझी आठवडाभराची फजिती

एका कामासाठी मी डझनभर बोर्ड बनवले. टेबलावर एक मीटरच्या पॅच केबलवर सगळे मस्त. साइटवर साठेक मीटरची केबल लागली आणि पॅकेट गळायला लागली. मी केबल बदलली, टोकं पुन्हा क्रिंप केली, मग अर्थातच कोडवर घसरलो. शेवटी दोष निघाला एका रेझिस्टरमध्ये. जुन्या सर्किटवरून मी २.७ किलोओमचा आरबायस उचलला होता. ती किंमत बी१ आणि बी४ या जुन्या आवृत्त्यांसाठी होती. माझ्या चिप बी७, आणि त्यांना २.३२ किलोओम, १ टक्क्याचा लागतो.

हा रेझिस्टर लाइनवर किती प्रवाह खेळवायचा ते ठरवतो. किंमत वाढली की प्रवाह घटतो, माझ्याकडे सुमारे १४ टक्के. जवळच्या केबलवर तेवढं खपून जातं, लांबच्या केबलवर नाही. आवृत्ती ओळखायला चिपवरचा छापा वाचत बसू नका, ईआरईव्हीआयडी रजिस्टर वाचा: ५ म्हणजे बी५, ६ म्हणजे बी७. दोघांनाही २.३२ च. ० किंवा २५५ आला तर मात्र चिप बोलतच नाहीये, एसपीआयच्या तारा बघा.

जॅक आणि सेंटर टॅप

दुसऱ्या कुठल्या चिपचं सर्किट बघून इथे जॅक जोडला की हमखास फसगत. काही चिपमध्ये ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप (वायंडिंगच्या मधल्या बिंदूची जोडणी) फक्त कपॅसिटरमधून ग्राउंडला जातो. ही चिप तशी नाही. ती टीपीआउटच्या दोन्ही पायांतून सतत प्रवाह आत ओढते आणि त्याचं प्रमाण कमी-जास्त करून सिग्नल तयार करते. तो प्रवाह येणार कुठून? सेंटर टॅपमधून. म्हणून पाठवायच्या बाजूचा सेंटर टॅप फेराइट बीडमार्गे ३.३ व्होल्टला हवा, आणि बीड किमान ८० मिलिअँपिअरचा. टीपीआउटच्या दोन पायांवरून एकेक ४९.९ ओमचा रेझिस्टर त्याच बिंदूला येतो. घ्यायच्या बाजूला तसेच दोन रेझिस्टर, पण त्यांच्या मधल्या बिंदूवरून ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडला.

एसएमडी रेझिस्टरच्या पाठीवर ४९आर९ छापलेलं असेल तर ते ४९.९ ओम. ४९९१ असेल तर ४.९९ किलोओम. डब्यात दोन्ही शेजारी पडलेले असतात आणि संध्याकाळी डोळे थकलेले असतात. बोर्ड बंद करून, जॅक बसवण्याआधी टीपीआउटच्या दोन पायांमध्ये मोजा, साधारण १०० ओम आले पाहिजेत.

जॅक घेताना आत ट्रान्सफॉर्मर आहे ना, ते दुकानातच मल्टिमीटरने बघा. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. टीडी अधिक आणि टीडी उणे (पाठवण्याच्या जोडीचे दोन पाय) यांच्यात एखाद-दोन ओम दाखवले तर वायंडिंग आहे. काहीच दाखवलं नाही तर तो नुसता पत्र्याचा डबा. एचआर९१११०५ए हा या चिपसोबत सर्रास दिसणारा जॅक. त्यात घेण्याची जोडी ३ आणि ६ वर आहे, मधले ४ आणि ५ सेंटर टॅप. ३-४ ही जोडी धरून ट्रॅक काढलेले बोर्ड मी पाहिलेत.

एलईडी-बी नुसता दिवा नाही

रिसेटच्या वेळी चिप एलईडी-बी कसा जोडलाय ते बघते आणि त्यावरून हाफ की फुल डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने की दोन्ही दिशांनी) ते ठरवते. पाय एलईडीला प्रवाह देत असेल तर हाफ, ओढून घेत असेल तर फुल, आणि एलईडीच नसेल तर काय होईल ते सांगता येत नाही. चिप ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपसात पद्धत ठरवणं) करत नाही, त्यामुळे समोरचा स्विच हाफ धरून चालतो. इकडे फुल, तिकडे हाफ झालं की पिंग जातो, पण मोठी फाइल पाठवली की रखडते. एलईडी कसाही लावा, पीडीपीएक्सएमडी आणि एफयूएलडीपीएक्स हे डुप्लेक्सचे दोन्ही बिट कोडमधून स्वतः आणि सारखेच लिहा.

क्रिस्टल

प्रोब क्रिस्टलच्या पायावर लावून वारंवारता मोजू नका, प्रोबची कपॅसिटीच आकडा बिघडवते. क्लॉकआउट पायावर मोजा. चालू होताच तिथे ६.२५ मेगाहर्ट्झ मिळतात, आणि ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५०) हिशेबाने फरक ३१२ हर्ट्झच्या आत हवा.

५ व्होल्टचा कंट्रोलर

चिपचे इनपुट ५ व्होल्ट सोसतात. तिचा एसओ (डेटा बाहेर देणारा पाय) मात्र ३.३ पर्यंतच जातो, आणि ५ व्होल्टच्या एव्हीआर कंट्रोलरला हाय ओळखायला किमान ३ लागतात. अंतर इतकं कमी की टेबलावर चालतं आणि लांब जंपरवर अडखळतं. ७४एचसीटी०८ चा एक गेट मध्ये टाकला की प्रश्न मिटतो, पण त्याच बसवर दुसरं काही नसेल तरच. चिपला स्वतःचा मॅक पत्ता नसतो, म्हणून अनेकजण तयार पत्ता असलेला २५एए०२ई४८ हा ईईप्रॉम त्याच एसपीआयवर लावतात. ०८ चा गेट लाइन कधी सोडत नाही, ईईप्रॉमचं उत्तर त्याच्याशी भांडतं, आणि पत्ता चुकीचा वाचला जातो. अशा वेळी ७४एसीटी१२५ (लाइन सोडू शकणारा बफर) घ्या आणि त्याचा एनेबल चिपच्या सीएसला (चिप निवडणाऱ्या पायाला) जोडा.