ह्यूस्टनला येताय? थोडी स्पॅनिश शिकून घ्या

इथे नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना मी पहिल्यांदा हेच सांगते: इंग्रजीची काळजी नको, ती तुम्हाला येते. थोडी स्पॅनिश शिका. बँकेला फोन लावा, ‘स्पॅनिशसाठी दोन दाबा’ ऐकू येईल. मतपत्रिकेवरही इंग्रजीच्या जोडीला स्पॅनिश असते. २०२० च्या जनगणनेत ह्यूस्टन शहरात शंभरातले सुमारे ४४ जण लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेत मुळं असलेले, होते. आणि ही भाषा इथे काल-परवा आलेली नाही. १८३६ पर्यंत टेक्सास मेक्सिकोतच होता. टेक्सासमधलं सॅन अँटोनिओ शहर तर १७१८ मध्ये स्पॅनिशांनीच वसवलं.

आपल्या जिभेला ती सोपी जाते. त आणि द आपल्यासारखेच. ‘पागार’ म्हणजे पैसे देणं. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेल्या ‘पगार’चा हा सख्खा भाऊ. ‘तू’ म्हणजे चक्क तू, आणि ‘उस्तेद’ म्हणजे तुम्ही. घर साफ करायला येणाऱ्या बाई असोत की छप्पर दुरुस्त करणारे, अनोळखी मोठ्या माणसाला ‘उस्तेद’च म्हणा. आपलीच काही मंडळी त्यांच्याशी मोठ्या आवाजात, तोडून तोडून इंग्रजी बोलतात. मला ते फार लागतं. आपल्याशी कुणी तसं बोललं तर?

सगळ्यांना मेक्सिकन समजू नका. साल्वादोर, होंडुरास, ग्वाटेमाला, व्हेनेझुएला, कुठकुठून लोक आलेत. इथेच जन्मलेल्या अनेकांना स्पॅनिश येतही नाही. अमेरिकेत राहण्याच्या कागदपत्रांची चौकशी तर चुकूनही करू नका. तुमचा रंग पाहून कुणी तुमच्याशीच स्पॅनिश सुरू केली, तर रागावू नका. ‘आब्लो पोको’ म्हणा, थोडीच येते.

मेक्सिकन वाणसामानाच्या दुकानात मात्र जाच. सिलांत्रो म्हणजे कोथिंबीर, कोमिनो म्हणजे जिरं, तामारिंदो म्हणजे चिंच. पहिल्या होळीला मला गूळ मिळेना. हातवारे करून, मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलं, तर गल्ल्यावरच्या बाई स्वतः उठून मला पिलोन्सियोपाशी घेऊन गेल्या. शंकूच्या आकाराचा, उसाचा, अगदी आपल्या गुळासारखा. खिसायला जरा कठीण, पण पुरणात छान विरघळतो. त्या बाई अजून तिथेच आहेत. मला ‘मिहा’ म्हणतात, म्हणजे ‘लेकी’.