विमा एजन्सी वाढवायची असेल तर आधी जुने हप्ते सांभाळा

प्रशिक्षण पूर्ण करून विमा प्रतिनिधी होण्यासाठीची आयसी-३८ ही परीक्षा उत्तीर्ण होणे, हा या व्यवसायातील सर्वांत सोपा टप्पा आहे. त्यानंतर बहुतेक नवे विमा प्रतिनिधी महिन्याला किती पॉलिसी झाल्या एवढेच मोजतात. माझ्या मते, गेल्या वर्षी केलेल्या पॉलिसींपैकी किती पॉलिसींचा पुढचा हप्ता आला, हे आधी मोजावे. आयुर्विमा कंपन्या हे प्रमाण पॉलिसीच्या तेराव्या महिन्यापासून एकसष्टाव्या महिन्यापर्यंत टप्प्याटप्प्याने तपासतात आणि नूतनीकरणाचे कमिशनही हप्ता भरला गेला तरच मिळते.

हप्ते थकण्याचे कारण पुष्कळदा पैसा हाती येण्याच्या वेळेत सापडते. नाशिक जिल्ह्यातील निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराकडे पैसा येतो तो माल उतरल्यावर, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास मात्र मजुरी, खते आणि फवारणी यांतच तो अडकलेला असतो. अशा कुटुंबाचा वार्षिक हप्ता ऑक्टोबरात येत असेल, तर चूक त्यांची नसून तारीख ठरवणाऱ्या प्रतिनिधीची आहे. शक्यतो पॉलिसी मार्च-एप्रिलमध्ये सुरू करावी. मात्र ग्राहक ऑक्टोबरातच आला, तर त्याचे संरक्षण लांबवू नये, हप्ता त्या काळातही पेलेल इतकाच ठेवावा. नाशिक शहरातील सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील पगारदारांना बँक खात्यातून परस्पर वळता होणारा मासिक हप्ता सोयीचा पडतो. आयुर्विम्याच्या मासिक हप्त्याला १५ दिवसांची, तर तिमाही, सहामाही व वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची वाढीव मुदत असते, हे पहिल्याच भेटीत सांगावे आणि देय तारखेच्या आठवडाभर आधी स्वतः फोन करावा.

‘पहिला हप्ता तुम्हीच भरा’ अशी मागणी हमखास होते. तिला ठाम नकार द्यावा. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ४१ नुसार कमिशनातून अशी सूट देण्यास मनाई असून त्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय ज्याने पहिला हप्ता स्वतःच्या खिशातून भरला नाही, तो दुसरा भरेलच याची खात्री कोणी द्यावी?

प्रस्ताव अर्ज भरताना घाई करू नये. मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचे व्यसन, जुनी शस्त्रक्रिया याविषयी एकेक प्रश्न मराठीत समजावून विचारावा आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे लिहावे, त्यामुळे हप्ता वाढला तरी चालेल. याच अधिनियमाच्या कलम ४५ नुसार आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षांनंतर कंपनी हरकत घेऊ शकत नाही. त्याआधी मृत्यू झाल्यास मात्र अर्जातील प्रत्येक ओळ तपासली जाऊ शकते, आणि आपण लपवलेल्या एका ओळीची किंमत त्या घरातील बाईला व मुलांना मोजावी लागते.

वर्षातून एकदा प्रत्येक ग्राहकाची नामनिर्देशनाची (नॉमिनीची) नोंद पाहावी. लग्नाआधी आईचे नाव लावलेल्या तरुणाला पत्नीचेही नाव लावायचे आहे का, हे कोणीतरी विचारायला हवे. दाव्याच्या वेळी मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, दावा अर्ज आणि नॉमिनीच्या बँक खात्याचा तपशील ही कागदपत्रे आपण सोबत बसून जुळवून द्यावीत आणि रक्कम खात्यात जमा होईपर्यंत शाखेत पाठपुरावा करावा. त्या दिवसांत नव्या पॉलिसीचा विषय मुळीच काढू नये; तेराव्याला जमलेले आप्त-शेजारी पुढे आपणहून फोन करतात.