काळ्या मातीत फरशीची पायवाट

10 फूट लांब आणि 3 फूट रुंद वाटेला 30 चौरस फूट शहाबादी फरशी लागते. तुटफुटीसाठी 3 चौरस फूट जादा घ्या. खडबडीतच घ्या, पॉलिशवाली पावसात पाडणार.

खरं काम फरशीखाली आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची फरशी डुगडुगते. म्हणून दोरी-खुंट्या लावून साडेपाच इंच खणा. सुमारे 10 घनफूट सुटा मुरूम दोन थरांत घाला. प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोका. ठोकून एकूण 3 इंच उरला पाहिजे. सगळा एकदम ओतला तर तळ पोकळ राहतो आणि पहिल्याच पावसाळ्यात वाट खचते. कडांना विटा उभ्या रोवा, नाहीतर मुरमावरची कच (दगडाची बारीक चुरी) वाहून जाईल. ही कच दीड इंच, फळीने सपाट केलेली. तिच्यावर दीड इंची फरशी रबरी हातोडीने बसवा. रुंदीत पाऊण इंच उतार हवा, तोही घराच्या भिंतीपासून बाहेर.

चार कोपऱ्यांत सिमेंटचे गोळे ठेवून फरशी टेकवू नका: मधे पोकळी, पाय पडला की तडा. अर्धा इंची सांध्यांत कचच भरा. पाणी मारल्यावर ती बसते, तेव्हा आठवड्याने पुन्हा भरा.