केदारकंठा हिवाळ्यात: बडोद्याहून निघताना या चुका टाळा

बडोद्याचा डिसेंबर म्हणजे पहाटे कामाटीबागेत स्वेटर घालायचा आणि नऊच्या उन्हात कमरेला बांधायचा, इतकाच. उत्तराखंडच्या हिमालयातल्या केदारकंठ्याचं शिखर आहे ३,८१० मीटरवर, आणि दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंश उतरतो. म्हणून आपली मंडळी कपाट रिकामं करून गरम कपडे नेतात. कपडे कमी नेणारे थोडेच, सगळे अंगावर चढवून चालणारे फार.

ट्रेक जिथून सुरू होतो त्या सांकरी गावाहून चढ लागला की अर्ध्या तासात आतून चिंब. विसाव्याला बसलं की तोच घाम गार पडतो आणि मग अंगातली हुडहुडी जात नाही. निघताना किंचित थंडी वाजलीच पाहिजे. चालताना एक थर आणि वारा अडवणारं जाकीट बहुधा पुरतं; पिसांचं जाकीट पिशवीत वरच ठेवा आणि थांबल्याबरोबर घाला. आतला थर सुती नको, कारण सुती कापड ओल धरून ठेवतं. बनियन आणि जीन्स घरीच राहू देत. तरी भिजलातच, तर तळावर पोचताच, चहाच्याही आधी, मोज्यांसकट कपडे बदला. झोपायचा जोड वेगळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला हवा.

सरावाचंही तसंच. बागेतल्या सपाट फेऱ्यांनी दम वाढतो, पण गुडघ्यांना उतार कळत नाही. पावागड हाकेच्या अंतरावर आहे. माचीहून पायऱ्यांनी चढा आणि पायऱ्यांनीच उतरा. लोक चढतात हौसेने, उतरताना रोपवे पकडतात. अर्धा सराव तिथेच बुडतो. बर्फावर पाय घसरतो तो बहुतेक उतरतानाच. पायाची नखंही कापून घ्या, नाहीतर उतारावर बुटात ठेचली जातात.

डोकं दुखतंय, मळमळतंय? आपण लगेच सेव-उसळीवर खापर फोडतो. उंचीवर आल्यानंतर हे सुरू झालं, तर ती उंचीच बाधली असं धरा, गाईडला सांगा आणि बरं वाटेपर्यंत वर चढू नका. त्रास वाढला, तोल जाऊ लागला किंवा बसल्याबसल्या धाप लागली, तर लगेच खाली उतरा, रात्र असली तरी. आणि गुजरातबाहेर पडलो म्हणून 'थंडीवर उपाय' करू नका! दारूने ऊब वाटते, प्रत्यक्षात शरीर जास्त उष्णता गमावतं.

पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, तोंड मोकळं राहतं. फोन रात्री स्लीपिंग बॅगेत. बर्फावर गॉगल हवाच.

परतीचं तिकीट घट्ट काढलेलं असलं की गाईड 'मागे फिरू' म्हणाला तरी लोक वाद घालतात. सांकरी ते देहरादून हा सुमारे दोनशे किलोमीटरचा डोंगरी रस्ता आहे, आणि बर्फ पडला की तो अडू शकतो. त्याच रात्रीची गाडी काढू नका, मध्ये एक दिवस मोकळा सोडा.