पावसाळ्यात शेणाच्या ढिगाला उग्र वास, डोळे चुरचुरणं: उपाय सापडला

शहापूरकडचा म्हशींचा तबेला. पाऊस लागला की ढीग आतून काळा, चिकट; डबक्यात बुडबुडे, जवळ जाताच डोळ्यांत पाणी. बुडबुड्यांत मिथेन, चुरचुर अमोनियाची. चुना टाकला तर अमोनिया उलट जास्त उडाला. प्लास्टिक घट्ट गुंडाळलं, तर हवाच बंद. वैताग आला होता.

चाललं ते असं, याच क्रमाने:

आधी मूत वेगळं. शेणातलं युरिएज (युरिया फोडणारं एन्झाइम) मुतातल्या युरियाला लागलं की अमोनिया होतो, म्हणून मूळ काम हेच. फरशीला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार, नाली, झाकणाची टाकी.

मग उंच चौथरा, वर पत्रा, बाजू उघड्या. तळाला फूटभर भाताचा पेंढा. त्यावर एक घमेलं शेणाला दोन घमेली चिरलेला कोरडा पेंढा, नीट कालवून. मूठ दाबली की एक-दोनच थेंब यावेत. धार लागली तर पेंढा वाढवा. उंची चार-पाच फूट, वर तयार खताचा पातळ थर. अमोनिया बराचसा त्यातच अडकतो.

मध्ये लोखंडी सळई खोचून ठेवा. काढल्यावर हाताला चटका बसतो तोवर ढिगाला हात लावू नका. कोमट झाली की बाहेरचं आत घालून पालटा. रोज पालटलं तर नत्र उडून जातं.