शेप मेमरी स्टीलची पट्टी पूर्ण सरळ होत नसेल तर आधी काय तपासायचं

राजेहो, मनसर, कांद्री, गुमगाव या मँगनीजच्या खाणी आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे नागपुरात मेटलर्जी करणाऱ्या पोरांना लोखंड-मँगनीज-सिलिकॉनच्या शेप मेमरी स्टीलवर (वाकवलं तरी गरम केल्यावर मूळ आकारात येणाऱ्या स्टीलवर) प्रोजेक्ट घ्यावासा वाटतो यात नवल नाही. पण होतं असं की पट्टी वाकवली, गरम केली, ती अर्धीमुर्धीच सरळ झाली, की लगेच कंपोझिशनला दोष. २८ टक्के मँगनीज, ६ टक्के सिलिकॉन, ५ टक्के क्रोमियमवालं नावाजलेलं कंपोझिशन तंतोतंत उतरवलं तरी प्रोसेसिंग गंडलं असेल तर रिकव्हरी मिळत नाही.

मुळात काय चालतं ते बघा. ऑस्टेनाइटवर (या स्टीलची मूळ स्फटिकरचना) ताण आला की त्याचा काही भाग एप्सिलॉन मार्टेन्साइट (दुसरी स्फटिकरचना) होतो, आणि गरम केल्यावर तो आल्या वाटेने मागे जातो, तीच आपली रिकव्हरी. पण त्याच ताणात ऑस्टेनाइट स्लिप झाला, म्हणजे त्यातले अणूंचे थर एकमेकांवरून घसरले, तर तेवढं वाकणं कायमचं, कितीही तापवा ते परत येत नाही. म्हणून प्रत्येक स्टेपला एकच विचारायचं, याने स्लिप कमी होणार की वाढणार.

मेल्टिंगपासून सुरू करू. व्हॅक्यूममध्ये मँगनीज उडून जातं, म्हणून चेंबरमध्ये आर्गॉन भरूनच वितळवा आणि मँगनीज थोडं वरून धरा. मग होमोजिनायझेशन, म्हणजे घटक सगळीकडे सारखे पसरावेत म्हणून तापवून ठेवणं, ११०० डिग्रीच्या आसपास, बरेच तास, यात घाई नको. इथे एक गोष्ट बरेच जण सोडून देतात: उघड्या भट्टीत इतका वेळ ठेवलं की पृष्ठभागावरचं मँगनीज कमी होतं, आणि वाकवताना सगळ्यात जास्त स्ट्रेन (ताणलं जाण्याचं प्रमाण) नेमका पृष्ठभागावरच असतो, म्हणजे खराब थर बरोब्बर नको तिथे. घासून काढा तो. तपासायला साधा चुंबक पुरतो, ऑस्टेनाइट आणि एप्सिलॉन दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत, पट्टी चिकटली तर अल्फा प्राइम मार्टेन्साइट किंवा फेराइट (दोन्ही चुंबकाला चिकटणाऱ्या रचना) आहे असं धरून चाला. आणि अल्फा प्राइम हा स्टीलच्या आतल्या एप्सिलॉनच्या सूक्ष्म पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे तयार होतो अन् त्यांना मागे जाऊ देत नाही, म्हणून जास्त वाकवलं तर रिकव्हरी वाढत नाही, उलट पडते.

आता वाकवण्याचं तापमान, ज्याकडे आपल्याकडे तर खासच लक्ष द्यायला पाहिजे. डिसेंबरात सकाळी लॅबमध्ये थंडी असते आणि मे महिन्यात दुपारी तीच लॅब ४० च्या वर, आणि दोन्हीला आपण रिपोर्टमध्ये रूम टेम्परेचरच लिहितो! मार्टेन्साइट सुरू व्हायचं तापमान खोलीच्या जवळपास असेल तर हा फरक लहान नाही, कारण जितकं त्याच्या वर जाल तितका एप्सिलॉनसाठी ताण जास्त लागतो आणि ऑस्टेनाइट मात्र मऊ पडतो, म्हणजे स्लिप आधी. फार खाली गेलात तर थंडीनेच झालेलं एप्सिलॉन आधीच भरलेलं असतं, नवीनला जागा नाही. पट्टी आणि साचा दोन्ही ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात ठेवून मगच वाकवा, आणि थर्मामीटरचा आकडा लिहा.

मोजताना, १ मिलिमीटर जाड पट्टी २४ मिलिमीटर व्यासाच्या दांड्यावर वाकवली की बाहेरच्या बाजूला साधारण ४ टक्के स्ट्रेन येतो. पहिल्यांदाच इतका देऊ नका, २-३ टक्क्यांवर सुरू करा, म्हणजे दांडा जाड घ्या. दांड्यावरून काढल्यावर जो कोन उरतो तोच सुरुवातीचा धरायचा, स्प्रिंगबॅकला, म्हणजे दाब सुटताच आपोआप मागे येण्याला, रिकव्हरी म्हणू नका. समजा १५० डिग्री उरला आणि गरम करून ६० राहिला, तर रिकव्हरी ६० टक्के.

ती वाढवायचा जुना आणि खात्रीचा उपाय ट्रेनिंग, २-३ टक्के ताणा, ६०० डिग्रीच्या आसपास थोडा वेळ तापवा, असं तीनचार वेळा. त्याने ऑस्टेनाइट कडक होतो आणि एप्सिलॉन बारीक, एकसारख्या पट्ट्यांनी यायला लागतं. प्रोजेक्टला ठीक आहे, पण पुलाला लावायच्या पट्टीला असं कोण करत बसणार, म्हणून जपानमध्ये नायोबियम कार्बाइडचे बारीक कण घालून ट्रेनिंगशिवाय काम भागवायचा रस्ता काढला, व्हॅनेडियम कार्बाइडनेही तसंच होतं. कण बारीक राहिले तरच फायदा, एजिंगमध्ये (हे कण तयार व्हावेत म्हणून तापवून ठेवताना) जास्त तापवून ते मोठे केले की गेलं.

मला सगळ्यात आवडतं ते ट्विनचं. रोलिंग करून ॲनिल केलं (तापवून ठेवलं) की ॲनिलिंग ट्विन (स्फटिकातले आरशातल्या प्रतिमेसारखे भाग) भरपूर येतात आणि एप्सिलॉनच्या पट्ट्या त्यांच्यावर येऊन अडतात. चीनमधल्या एका टीमने २०१४ मध्ये हेच हेरलं, रोलिंग टाळलं, ओतलेलं स्टील नुसतं ॲनिल केलं, आणि ७.६ टक्क्यांपर्यंत स्ट्रेन परत मिळवून दाखवला, ट्रेनिंगशिवाय. म्हणून एक पट्टी ओतून-ॲनिल केलेली आणि एक रोल केलेली, अशा दोन्ही सोबत ठेवा. घासून पॉलिश केल्यानेही पृष्ठभागावर एप्सिलॉन तयार होतं, तेव्हा शेवटचा हात इलेक्ट्रोपॉलिशनेच (न घासता, विजेने थर विरघळवून) मारा, नाहीतर मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या पट्ट्या वाकवल्याने आल्या की घासल्याने, हे सांगताच येणार नाही.