आपल्या गावची लोकसंख्या आणि येण्याजाण्याची माहिती नीट कशी लिहायची

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावची माहिती ऑनलाइन टाकायची म्हटलं की बहुतेक ठिकाणी 'लोकसंख्या अंदाजे पाच हजार, बसची सोय आहे' एवढंच लिहिलेलं असतं, आता नवीन बदली होऊन आलेल्या बाईंना नायतर पोरगी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना त्याचा काय उपयोग? तासदोनतास काम आहे, पण मनापासून करा.

आधी लोकसंख्या. आकडा 2011 च्या जनगणनेचा घ्या आणि शेजारी साल लिहाच, कारण 2021 ची जनगणना कोरोनामुळं लांबली, आता ती 2027 ला ठरलीय. जनगणनेच्या साइटवर आपल्या जिल्ह्याची पुस्तिका मिळते, त्यात तालुक्याप्रमाणं एकेक गाव आहे, कुटुंबं, पुरुष, स्त्रिया, सहा वर्षांपर्यंतची पोरं, साक्षर सगळं. फक्त नाव बघून आकडा उचलू नका. पन्हाळा तालुक्यात पोर्ले तर्फ ठाणे वेगळं आणि पोर्ले तर्फ बोरगाव वेगळं, कागलात कसबा सांगाव आणि मौजे सांगाव दोन्ही आहेत, म्हणून गावाचा सहा आकडी कोड जुळवून घ्या.

दुसरं म्हणजे वाड्या. पुस्तिकेत महसुली गाव असतं, त्यामुळं शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या वाड्या नि धनगरवाडे मूळ गावातच मोजलेले असतात, आणि ग्रुप ग्रामपंचायत असली तर उलटं, दोनतीन गावांची बेरीज करावी लागते. आकडा कशाचा आहे, गावाचा का ग्रामपंचायतीचा, ते स्पष्ट लिहा. साक्षरतेची टक्केवारी काढताना एकूण लोकसंख्येतनं सहा वर्षांपर्यंतची पोरं आधी वजा करायची, मग साक्षरांच्या आकड्याला त्यानं भागायचं.

आता गाड्या, आणि खरं काम इथंच आहे. पुस्तिकेत बस, रेल्वे, डांबरी रस्ता याचे रकाने आहेत, पण गावात सोय नसली तर नुसतं अ, ब, क असं अंतर असतं, म्हणजे पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, दहाच्या पुढं. त्यावर कोण गाडी पकडणार? स्वतः स्टँडवर जाऊन विचारा. गाडी कोल्हापुरात सीबीएसवरनं (मध्यवर्ती स्टँड) सुटते, रंकाळा स्टँडवरनं का संभाजीनगर स्टँडवरनं, एसटी आहे का केएमटी (महापालिकेची बस), पहिली किती वाजता, शेवटची किती वाजता, मुक्कामी गाडी येते का, शाळेला सुट्टी लागली की कुठली फेरी बंद होते. मुक्कामी गाडीच्या कंडक्टरला विचारलं तर सगळं एका दमात सांगतो. फाट्यावर उतरून चालायचं असंल तर किती, वडाप (माणसं भरून नेणारी खासगी जीप-रिक्षा) मिळतं का आणि ते किती वाजेपर्यंत, हेही लिहा, कारण रात्री आठनंतर फाट्यावर अडकलेल्या म्हातारीला तेच लागतं.

रेल्वे लिहिताना डोळे झाकून कोल्हापूर स्टेशन टाकू नका. शिरोळकडच्यांना जयसिंगपूर जवळ, चंदगडवाल्यांना बेळगाव आणि गगनबावड्याला करूळ घाट उतरून कोकण रेल्वेचं वैभववाडी.

पावसाळा मात्र वेगळा लिहायचाच. आपल्याकडं बंधाऱ्यावरनं रस्ते आहेत, नदी वाढली की बंधारा पाण्याखाली जातो आणि पलीकडचं गाव एकदम वीस किलोमीटर लांब होतं. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. किती फुटाला आपला रस्ता बंद होतो हे गावातल्या जाणत्या माणसांना पाठ असतं, त्यांना बसवून विचारा, आणि मग पर्यायी वाट कुठल्या गावावरनं ते टाका, 2019 आणि 2021 च्या महापुरात ती वाट चालू होती का तेही.

शेवटी माहिती कुठल्या महिन्यात गोळा केली ते खाली लिहा, आणि दर वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की एकदा स्टँडवर जाऊन वेळा परत बघून या.